खांद्यावरचा राक्षस

देवळामागच्या जुन्या कोठारात एक शाळकरी मुलगा कामाला शिरतो. तिथे त्याला जमिनीत एक दार सापडतं. तो खाली उतरतो आणि थबकतो. समोर खडकाला भाल्याने खिळलेला एक अवाढव्य राक्षस आहे. पिवळी आयाळ, अंगावर वाघाचे पट्टे, सुरीसारखे दात. पाचशे वर्षं तो तसाच अडकून पडलाय. मुलाला बघताच तो हुकूम सोडतो, की हा भाला उपट. उपटल्यावर काय करशील, असं मुलगा विचारतो. आधी तुला खाईन आणि मग वर जाऊन बाकीच्यांना, असं राक्षस खरंखरं सांगून टाकतो. मुलगा शहाण्यासारखा दार लावून निघून जातो.

पण दार उघडलं गेलेलं असतं. तळघरात पाचशे वर्षं कोंडलेला राक्षसाचा दर्प बाहेर सुटतो आणि त्या वासावर आसपासची लहानसहान भुतावळ गोळा होते. नेमक्या त्याच वेळी मुलाच्या दोन मैत्रिणी त्याच्याकडे आलेल्या असतात. त्यांना वाचवायचं तर त्या राक्षसाशिवाय दुसरं कोणी नाही. मुलगा परत खाली धावतो आणि भाला उपटतो. भाला हातात येताच त्याचे केस पाठीवर लांबच लांब वाढतात, अंगात भलतंच बळ येतं आणि कोणी कोणाला खायचं हा प्रश्न तिथल्या तिथे लांबणीवर पडतो.

काझुहिरो फुजिता यांच्या ‘उशिओ तो तोरा’ या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, ही सुरुवात. ‘उशिओ आणि तोरा’ एवढाच त्या नावाचा अर्थ. ‘शोनेन संडे’ या जपानी साप्ताहिकात १९९० ते १९९६ अशी सहा वर्षं ही चित्रकथा चालली आणि पुस्तकरूपात तिचे ३३ खंड झाले. उशिओ आओत्सुकी हा देवळातल्या भिक्षूचा मुलगा. तोरा हा तो राक्षस. तोरा उशिओची पाठ सोडत नाही, कारण मुलगा बेसावध सापडला की त्याला खायचंय. उशिओ त्याला जवळ ठेवतो, कारण नजरेआड झाला तर तो दुसऱ्या कोणाला खाईल. पुढचं सगळं या एका अडचणीतून निघतं.

मला हे पुस्तक भाचीने दिलं. ती पुण्यात जपानी शिकते. अभ्यास सोडून चित्रकथा वाचतेस, असं मी तिला एकदा बोलले होते. त्यावर ती म्हणाली, “अगं मावशी, हाच अभ्यास आहे.” आणि तिने पान उघडून दाखवलं. मुलांच्या मांगामध्ये प्रत्येक चिनी अक्षराच्या कडेला त्याचा उच्चार बारीक अक्षरांत छापलेला असतो. शाळकरी मुलांसाठी केलेली ही सोय परदेशी विद्यार्थ्यालाही हात देते. ती वाचून अर्थ सांगायची आणि मी चित्रं बघत ऐकायचे, असे आमचे पहिले चार खंड झाले. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. माझा डोळा पहिल्या दिवशी अडखळला, तिसऱ्या दिवशी सरावला.

तोरा हे नाव ऐकल्यावर मराठी माणसाच्या मनात काय येतं ते सांगायला नको. जपानीत तोरा म्हणजे वाघ. तो वाघासारखा दिसतो म्हणून उशिओने पहिल्याच दिवशी घाईघाईत त्याला ते नाव देऊन टाकलं. पण त्या राक्षसाचा रुबाब, नाक वर करून आडवं बोलणं, आपण या माणसांत का वावरतोय याचा सदोदित त्रागा बघितला, की वाटतं हे नाव मराठीतही त्याला चपखल बसतं.

पूर्ण शीर्षकाला आणखी एक घडी आहे. उशी म्हणजे बैल, तोरा म्हणजे वाघ. जुन्या चिनी-जपानी पंचांगात दिशांनाही बारा प्राण्यांची नावं आहेत आणि बैल नि वाघ यांच्या मधली दिशा ती उशितोरा, म्हणजे ईशान्य. जपानी समजुतीत या दिशेला राक्षसांचं दार असतं. क्योतोच्या ईशान्येला हिएई डोंगर आहे. त्यावरचं एन्र्याकुजी हे मठ-मंदिर राजधानीचं त्या बाजूने येणाऱ्या अरिष्टापासून रक्षण करतं, असं मानत आले. आपल्याकडे ईशान्य म्हणजे देवघराचा कोपरा, ईशानाची जागा. एकाच दिशेला आपण देव बसवला आणि त्यांनी राक्षसाची वाट राखली. हे कळल्यापासून आमच्या घरातल्या त्या कोपऱ्याकडे मी जरा जास्त वेळ बघते.

या कथेचा विनोद कसा चालतो हे नीट पाहण्यासारखं आहे. पाचशे वर्षांनी बाहेर आलेल्या तोराला विसावं शतक समजत नाही. गाड्या, विमानं, काचेच्या इमारती, सगळंच त्याला परकं. सामान्य माणसांना तो दिसत नाही, त्यामुळे रस्त्यात त्याच्याशी भांडणारा उशिओ लोकांना एकटाच बडबडताना दिसतो. मायुको नावाची मैत्रीण तोराला हॅम्बर्गर खायला देते आणि तो त्याला इतका आवडतो की त्या शब्दाचा वाकडातिकडा उच्चार करत तो पुढे कायम त्याची वाट बघत राहतो. माणूस खाण्याची प्रतिज्ञा केलेला हा जीव मायुकोच्या हातचा पाव मुकाट खातो. उशिओच्या भाल्याचा दांडा त्याच्या डोक्यात बसतो, टेंगूळ येतं, तो चिडून झेप घेतो. हे शेकडो वेळा घडतं आणि शिळं होत नाही, कारण धमकी खोटी नाही. तोरा खरोखर खाईल अशी शक्यता फुजिता शिल्लक ठेवतात. पुढचं पान गंभीर होणार की हसरं याचा वाचकाला अंदाज येत नाही. मग लढाई सुरू होते आणि ज्या दोघांचं एका वाक्यावर एकमत होत नाही, ते एकमेकांकडे न बघता पाठीला पाठ लावून उभे राहतात.

भाल्याची किंमतही आहे. तो वापरणाऱ्याचा आत्मा थोडा थोडा खातो आणि शेवटी भालेकऱ्याचंच जनावर होतं. म्हणजे मुलाला खाणारे दोघे आहेत. एक पाठीमागे, एक हातात. ही गोष्ट पहिल्या खंडांत अंगावर येत नाही. येते तेव्हा मागचे सगळे विनोद आठवून पोटात कालवतं.

फुजिता यांचा जन्म १९६४ चा, होक्काइदो बेटावरच्या आसाहिकावा गावचा. १९८९ मध्ये त्यांची पहिली कथा छापून आली आणि वर्षभरातच ही मालिका सुरू झाली. मालिका चालू असतानाच शोगाकुकान प्रकाशनाचा मांगा पुरस्कार तिला मिळाला आणि संपल्यावर १९९७ मध्ये जपानी विज्ञानकथांसाठीचा सेइउन पुरस्कार. त्यांची रेघ स्वच्छ नाही. ती खरवडलेली, जाड, घामेजलेली असते. शाईवर पांढरा रंग, त्यावर पुन्हा शाई, पुन्हा पांढरा, असं ते करत जातात. डोळे मनासारखे उतरेपर्यंत बुजवून परत काढतात. छापील पानावरही ती झटापट जाणवते. तोराची आयाळ बघताना केस मोजता येत नाहीत, वारा मात्र दिसतो.

त्यांच्या कामाच्या खोलीचा एक नियम मला फार आवडला. तिथे गप्प बसायला बंदी आहे. साप्ताहिकाची मुदत डोक्यावर असताना मदतनीस मुलांनी बोलत राहायचं. पाहिलेले सिनेमे, वाचलेली पुस्तकं, काय आवडलं, का आवडलं, सगळं बोलायचं. त्या खोलीतून नोबुयुकी आंझाई, माकोतो राइकू, काझुरो इनोउए असे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार बाहेर पडले. राइकू यांची ‘गाश’ ही मालिकाही माणसाचा मुलगा आणि राक्षसाचं पोर यांच्या जोडीची आहे. एका खोलीतल्या गप्पांचं बीज कुठवर जातं ते यात दिसतं.

मधल्या खंडांत उशिओ आईचा शोध घेत उत्तरेला निघतो. आई मेली असं त्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं, पण ते खरं नसतं. वाट जाते थेट आसाहिकावापर्यंत, लेखकाच्या स्वतःच्या गावापर्यंत. वाटेत तोनो लागतं. ईशान्य जपानमधलं हे तोनो साधं गाव नाही. कुनिओ यानागिता यांनी १९१० मध्ये तिथल्या लोककथांचं पुस्तक काढलं आणि जपानी लोकसाहित्याच्या अभ्यासाचा पाया घातला. फुजिता आपल्या दोन भांडखोरांना त्याच भूमीत नेऊन तिथल्या भुतावळीसमोर उभे करतात.

इथे शब्दाची अडचण येते. जपानीत ‘योकाई’ म्हणतात त्यात राक्षस आहेत, भुतं आहेत, नदीतले, डोंगरातले, वाऱ्यातले जीव आहेत. राक्षस म्हटलं की आपल्यासमोर रावण आणि बकासुर येतात, पण योकाई बहुतेक वेळा त्याहून घरगुती असतात. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गावाची शीव राखत रात्री फिरणारा देवचार, पिंपळावरचा मुंजा, पाण्याकाठच्या आसरा, वाट चुकवणारा चकवा यांच्यासोबत राहायची रीत आपल्याकडे होतीच. त्यांना भ्यायचं, त्यांचा मान ठेवायचा, नारळ द्यायचा आणि आपल्या कामाला लागायचं.

तोनोच्या त्या भागात कामाइताची नावाची, वाऱ्याच्या धारेने कापणारी तीन भावंडं भेटतात. त्यांच्यातला धाकटा जूरो माणसांवर पेटून उठलाय, कारण माणसांनी डोंगर खणले आणि त्यांची राहायची जागा गेली. उशिओ त्याच्याशी लढतो आणि लढताना रडतो. मालिकेतला हा भाग मी भाचीकडून तीनदा वाचून घेतला. झाड तोडल्यावर त्यावरचा मुंजा कुठे जातो, हा प्रश्न मी लहानपणी आजीला विचारला होता. तिच्याकडे उत्तर नव्हतं. फुजितांकडेही नाही, पण त्यांनी प्रश्नाला तोंड आणि डोळे दिले.

आता कोल्ह्याकडे यायला हवं, कारण या सगळ्याच्या मुळाशी तो आहे. मालिकेतला खरा वैरी हाकुमेन नो मोनो, म्हणजे पांढऱ्या तोंडाचा तो. नऊ शेपट्यांचा कोल्हा. ओकिनावाच्या समुद्रतळाशी तो अडकून पडलाय आणि माणसाच्या भीतीवर जगतो. फुजितांनी त्याला एका फार जुन्या जपानी कथेतून उचललंय. बाराव्या शतकात तोबा सम्राटाच्या दरबारात तामामो नो माए नावाची अतिशय सुंदर आणि विद्वान स्त्री आली. सम्राट आजारी पडत गेला. राजज्योतिषाने ओळखलं की ही कोल्हीण आहे. ती पळाली, नासूच्या माळावर तिला मारलं आणि तिचा दगड झाला. जवळ जाणारा जीव मरतो असा तो दगड. तोचिगी प्रांतातल्या नासूमध्ये तो खरोखर आहे. ज्वालामुखीचा प्रदेश, जमिनीतून विषारी वायू येतात, त्यामुळे जीव मरायचेही. कवी बाशो १६८९ च्या प्रवासात तो बघून गेला. मार्च २०२२ मध्ये तो दगड दुभंगलेला आढळला. आत साचलेल्या पाण्याच्या गोठण्याने तडा गेला असावा, असं सांगितलं गेलं, तरी कोल्हीण सुटली म्हणून जपानभर चर्चा झाली.

एदो काळातल्या कथाकारांनी या कोल्हिणीचा तीन देशांचा इतिहास रंगवला. जपानमध्ये येण्यापूर्वी ती चीनमध्ये शांग घराण्याच्या शेवटच्या राजाची लाडकी राणी होती. आणि त्यानंतर? त्यानंतर ती तेंजिकूमध्ये, म्हणजे भारतात होती. मगधाच्या हानझोकू नावाच्या राजपुत्राची प्रिया होऊन तिने त्याच्याकडून हजार राजांची मुंडकी मागितली. कुनियोशी या नामांकित चित्रकाराने एकोणिसाव्या शतकात त्याचं चित्र केलंय. नऊ शेपट्या फुलवून समोर आलेला कोल्हा आणि हादरलेला राजपुत्र.

भाचीने मला हानझोकू हे नाव लिहिलेली दोन अक्षरं दाखवली. एकाचा अर्थ ठिपके, दुसऱ्याचा पाय. ठिपक्यांच्या पायाचा. मी ऐकत होते आणि एकदम उठून बसले. कल्माषपाद!

महाभारताच्या आदिपर्वातला इक्ष्वाकू कुळातला राजा. अरुंद वाटेवर वसिष्ठपुत्र शक्ती समोरून आला, दोघांपैकी कोणी बाजू देईना, राजाने चाबूक मारला आणि शक्तीने शाप दिला की तू नरभक्षक होशील. त्याच्या अंगात राक्षस शिरला आणि त्याने वसिष्ठाचे शंभर मुलगे खाल्ले. अखेर बारा वर्षांनी वसिष्ठांनीच त्याला मोकळं केलं. बौद्ध जातकांत हाच राजा सौदास म्हणून येतो. तिथे त्याची आई सिंहीण आहे, आणि चीनमध्ये गेलेल्या कथेत म्हणूनच त्याच्या पायांवर ठिपके आहेत. चिनी भाषांतरांतून तो जपानात पोचला, तिथल्या कोल्हिणीशी त्याची गाठ पडली आणि १९९० च्या दशकात तो एका साप्ताहिकाच्या पाठीमागे सावलीसारखा उभा राहिला.

आणि हा सौदास महाराष्ट्रात आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सुतसोम जातक रंगवलंय. वाकाटकांच्या काळातलं, पाचव्या शतकातलं काम. मी पूर्वी तिथे गेले होते तेव्हा गर्दीबरोबर अप्सरा बघून बाहेर पडले होते. यंदा फक्त याच्यासाठी गेले. पावसाळा संपत आला होता, वाघोरा नदी भरून वाहत होती. लेण्यातल्या मंद दिव्यांत डोळा सरावायला वेळ लागतो. मग हळूहळू दिसतं. झोपलेल्या राजाचे पाय चाटणारी सिंहीण. नंतर पोराला पाठीवर घेऊन माणसांच्या नगरात शिरणारी सिंहीण. तिच्या चालण्यात संकोच नाही. आपलं लेकरू त्याच्या बापाकडे पोचवायला आलेली आई जशी येईल तशी ती येते. तिथे उभं राहून मला रडू आलं हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

जातकाची गोष्ट पुढे अशी. नरभक्षक झालेला सौदास सुतसोम नावाच्या राजपुत्राला पकडून नेतो. सुतसोमाने एका ब्राह्मणाची सुभाषितं ऐकायचं कबूल केलेलं असतं. तो म्हणतो, मला जाऊ दे, ऐकून परत येतो, मग खा. सौदास हसतो, पण सोडतो. आणि सुतसोम खरंच परत येतो. आपल्या तोंडचा घास आपणहून चालत आला, हे बघून सौदास गोंधळतो. तू असं काय ऐकून आलास, असं तो विचारतो. बोलणं सुरू होतं, आणि त्या बोलण्याच्या शेवटी तो माणूस खाणं सोडतो.

खाईन म्हणणारा आणि खाल्ला जाणारा यांना एकमेकांच्या समोर बसवायचं आणि बोलायला लावायचं, ही युक्ती इतकी जुनी आहे. आपल्या वेताळपंचविशीत तीच आहे. ‘चांदोबा’च्या पानावरचं चित्र कोणाला आठवत नाही? हातात तलवार, खांद्यावर प्रेत, त्यात वेताळ. विक्रमाला ते ओझं टाकता येत नाही आणि वेताळाला गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. उशिओच्या खांद्यामागे तरंगणारा तोरा पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तेच चित्र दिसलं होतं. फुजितांनी ‘चांदोबा’ पाहिला असेल असं मी म्हणत नाही. पण खांदा हे त्या नात्याचं ठिकाण आहे, हे दोन्हीकडच्या चित्रकारांना कळलं होतं.

आणि खांदा पुढे फार भयंकर रीतीने परत येतो. मालिकेच्या अखेरच्या भागात कळतं की तोरा मुळात माणूस होता. प्राचीन भारतातला शागाकुशा नावाचा योद्धा. त्याच्या जन्माच्या वेळी आकाशातून तारा कोसळला, आजूबाजूचे सगळे मेले, एकटा हा वाचला. अपशकुनी म्हणून लोकांनी त्याला झिडकारलं. तो वाढला तो द्वेषावर, आणि त्याच्या उजव्या खांद्यात लपलेलं काहीतरी तो द्वेष पिऊन वाढत राहिलं. मोठेपणी रामा नावाच्या मुलाने आणि त्याच्या बहिणीने त्याला पहिल्यांदा जीव लावला. युद्धात ती दोघं गेली. त्या क्षणी त्याच्या खांद्यातून जे बाहेर पडलं तो हाकुमेन. जगाला गिळायला निघालेला कोल्हा एका माणसाच्या दुखावलेपणातून जन्मला. त्याच्या मागावर शागाकुशा चीनपर्यंत गेला, तिथे त्याने तो भाला हाती घेतला, लढला आणि भाल्याने त्याचं जनावर केलं. पहिल्या खंडात तळघरात खिळलेला राक्षस हा त्याच भाल्याचा पहिला धनी होता.

जुन्या कथेत कोल्हिणीने भारतातला राजपुत्र बिघडवला होता. फुजितांनी ते उलटं केलं. त्यांच्याकडे बाहेरून आलेली मोहिनी नाही. माणसाच्या आतच ते पोसलं गेलं. स्त्रीवर ठेवलेला शेकडो वर्षांचा ठपका त्यांनी मुकाट उचलून बाजूला ठेवला, आणि मला वाटतं ही त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी आहे.

दुसरी गोष्ट नावाची. तोराला भेटल्याबरोबर नाव मिळालं, तेही एका चिडलेल्या पोराने विचार न करता दिलेलं. हाकुमेनला कधी कोणी नाव दिलं नाही. पांढऱ्या तोंडाचा हे वर्णन झालं, नाव नव्हे. मरताना त्याच्या मनातलं उघडं होतं तेव्हा समजतं की त्यालाही कोणीतरी आपल्याला नावाने हाक मारावी असं वाटत होतं. ३३ खंड ज्याचा तिटकारा केला त्याच्यासाठी इथे घशात आवंढा येतो. आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगतात. ते करताना आपण त्याला कशापासून वाचवत असतो, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

२०१५-१६ मध्ये मापा आणि व्होल्न या स्टुडिओंनी या कथेची ३९ भागांची ॲनिमे मालिका केली. चांगली आहे, पण घाईत आहे. अनेक प्रकरणं गाळावी लागली. शक्य असेल त्याने छापील खंडच बघावेत. ही दोघं एकमेकांना सहन करायला शिकतात ते एकत्र चाललेल्या लांब वाटेने, आणि ती वाट कापली की पुढचं अर्धं बळ जातं.

शेवटचा खंड भाचीने मला वाचून दाखवला नाही. “मावशी, हा तू स्वतः वाच,” म्हणाली. तोवर मला कडेची अक्षरं सावकाश लावता येऊ लागली होती. एक पान, एक संध्याकाळ, अशा गतीने मी वाचला. लढाई संपलेली असते. तोरा हळूहळू विरत चाललेला असतो. उशिओ रडत त्याला पहिल्या दिवसाच्या वचनाची आठवण देतो, की अजून तू मला खाल्लेलं नाहीस. तोरा त्याला सांगतो की आपलं पोट केव्हाच भरलंय.

ते वाक्य मी बोट ठेवून लावलं. एका अक्षराला अडले तेव्हा आतल्या खोलीत भाचीला हाक मारली. ती दारात आली, माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता शेजारी येऊन बसली.